टोबॅगोची सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि टोबॅगोला, म्हणजे कॅरिबियनमधल्या एका लहान बेटावर, दोनदा जाऊन आलो आहोत. एकदा मुलांच्या ईस्टरच्या सुट्टीत आणि एकदा आईला घेऊन मे महिन्यात. तेव्हापासून इथल्या मित्रमंडळींचे आणि पुण्या-रत्नागिरीच्या नातेवाइकांचे तेच तेच प्रश्न येत असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

एवढी बेटं असताना टोबॅगोच का?

कारण तिथे अजून गाव शिल्लक आहे. कॅरिबियनमधल्या बऱ्याच बेटांवर किनाऱ्याला खेटून मोठमोठी रिसॉर्ट्स आहेत आणि पाहुणा आठवडाभर त्याच आवारात राहून परत जातो. टोबॅगोत सकाळी कोळी जाळं ओढत असतात आणि तुम्ही तिथेच पोहत असता. बेट लहान आहे, जेमतेम 40 किलोमीटर लांब आणि 300 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचं. वस्ती साठ हजारांच्या आसपास. डोंगर थेट समुद्रात उतरतात, मध्ये रस्ता, नारळ, एखादं चर्च आणि चार घरं. आई पहिल्याच वळणावर म्हणाली, "हे तर आपलं गुहागर." झाडं वेगळी, माणसं वेगळी, पण उतार तोच.

शिवाय शेजारी त्रिनिदाद आहे, आणि मराठी माणसाला त्रिनिदादमध्ये जे भेटतं ते इतर बेटांवर सहसा भेटत नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

त्रिनिदाद आणि टोबॅगो एकच ना? मग दिवस कसे वाटायचे?

देश एक, बेटं दोन. 31 ऑगस्ट 1962 ला दोन्ही मिळून स्वतंत्र झाली. त्रिनिदाद मोठं, तेल-वायूचे कारखाने, गर्दी आणि राजधानी पोर्ट ऑफ स्पेन तिथे. टोबॅगो शांत.

बहुतेक लोक त्रिनिदादला फक्त विमान बदलतात. ही चूक करू नका. आठ दिवस असतील तर पाच टोबॅगोत आणि तीन त्रिनिदादमध्ये घालवा, आणि टोबॅगो शेवटी ठेवा. आधी शहराची धावपळ आणि मग समुद्र, हा क्रम बरा पडतो.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवायला सांगतात. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून एकदा खात्री करून घ्याच.

खरी अडचण वाटेतली असते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनमार्गे जाताना ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सहसा सूट मिळते.

अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांसाठी महत्त्वाचं: पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर टोबॅगोला जाऊ नका. कॅनडा-मेक्सिकोला महिनाभराच्या आत जाऊन जुन्या शिक्क्यावर परत येण्याची जी सवलत आहे, ती तुम्हाला या बेटांसाठी मिळत नाही. सुट्टी संपेल आणि तुम्ही तिकडेच अडकाल.

पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी का?

भारतात राहणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड जवळ नसलं, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात, सहा दिवसांपर्यंत. विनंत्या करून सुटका होत नाही.

लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. वार आणि वेळ ठरलेली असते, आधी नाव नोंदवावं लागतं. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळं, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले आणि साठीच्या पुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. आई 66 वर्षांची. तिच्या डॉक्टरांनी लस नको म्हटलं. ती आमच्याबरोबर न्यू जर्सीला परतली आणि महिन्याभराने भारतात गेली, त्यामुळे कार्डाचा प्रश्न आला नाही. मात्र तिथे ती कायम पूर्ण बाह्यांत होती आणि डास पळवायचं मलम दिवसातून तीनदा लावत होती. डेंग्यू तिकडेही आहे, त्यामुळे हे सगळ्यांनीच करायचं.

कोणत्या महिन्यात जावं? चक्रीवादळांचं काय?

जानेवारी ते मे कोरडे महिने, जून ते डिसेंबर पावसाळा. पाऊस आपल्या कोकणासारखा दिवसचे दिवस लागून राहत नाही. दुपारी तासभर जोरात कोसळतो आणि ऊन पडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास थोडी उघडीपही मिळते. उकाडा वर्षभर सारखाच, दिवसा 30-32 अंश.

टोबॅगो विषुववृत्तापासून साधारण 11 अंश उत्तरेला आहे. बहुतेक चक्रीवादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, म्हणून विमानकंपन्या आणि हॉटेलवाले 'इथे वादळ येत नाही' असं बिनधास्त सांगतात. तसं नाही. 1963 मध्ये फ्लोरा वादळाने टोबॅगो उद्ध्वस्त केलं होतं, नारळ आणि कोकोच्या बागा आडव्या झाल्या, आणि 2024 च्या जुलैत बेरिल जवळून गेलं. धोका कमी आहे, शून्य नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर प्रवासविमा काढा.

कार्निव्हल, म्हणजे रस्त्यावरचा नाचगाण्याचा मोठा उत्सव, ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीच्या सोमवारी-मंगळवारी त्रिनिदादमध्ये असतो. 2027 मध्ये 8 आणि 9 फेब्रुवारीला आहे. त्या दिवसांत खोल्या महाग असतात आणि महिनोन्‌महिने आधी भरतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी ईस्टर निवडेन. ईस्टरनंतरच्या मंगळवारी टोबॅगोतल्या बकू गावात बोकडांच्या शर्यती होतात, 1925 पासून. जॉकी बोकडाला दोरीने धरून त्याच्यामागे अनवाणी पळतो. आमच्या धाकट्याचा आवाज ओरडून ओरडून दोन दिवस बसला होता.

त्रिनिदादहून टोबॅगोला कसं जायचं?

विमानाने 20-25 मिनिटं, पंख्याच्या छोट्या विमानातून. बोटीने साधारण साडेतीन-चार तास, पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोतल्या स्कारबोरोला. बोट स्वस्त आहे, पण आखातातून बाहेर पडली की समुद्र चांगलाच हलवतो. एसटीत बसल्यावर ज्यांना घाट लागतो त्यांनी विमानच घ्यावं. ईस्टर, कार्निव्हल आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हींच्या जागा संपतात, म्हणून आंतरराष्ट्रीय तिकिटाबरोबरच हेही काढून ठेवा.

तिथे फिरायला गाडी घ्यावी का?

टोबॅगोत जरूर घ्या. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने असल्याने भारतातून जाणाऱ्यांना सोपं जातं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, अंधार पडल्यावर डोंगरातून चालवू नका.

शेअर टॅक्सी ओळखायची खूण म्हणजे नंबरप्लेट. पहिलं अक्षर 'एच' असेल तर ती अधिकृत टॅक्सी. 'पी' म्हणजे खासगी गाडी, तिच्यात पैसे देऊन बसू नका. टॅक्सीत शिरताना आत बसलेल्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. दुकानात शिरतानाही. न बोलता आत येणारा माणूस तिथे उर्मट समजला जातो.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

मुळीच नाही. या प्रश्नाचं उत्तर देताना मला अजूनही भूक लागते.

30 मे 1845 ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोहोचलं, उसाच्या मळ्यांवर करारावर काम करणाऱ्या मजुरांना घेऊन. 1917 पर्यंत अशी 1 लाख 40 हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांनी आणलेलं जेवण आज सगळ्या देशाचं जेवण झालंय. सकाळचा नाश्ता म्हणजे डबल्स: हळदीच्या पिठाचे दोन मऊ तळलेले 'बारा', म्हणजे आपले वडेच नावाने, त्यांच्यात छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचं सॉस. गाडीवाला कागदावर बारा टाकतो, पळीने छोले ओततो आणि न बघता विचारतो, "पेपर?" म्हणजे तिखट किती. पहिल्या दिवशी 'स्लाइट' म्हणा. जगातल्या जहाल मिरच्यांपैकी एक, मोरुगा स्कॉर्पियन, त्रिनिदादचीच आहे, आणि ठेच्यावर वाढलेल्या माणसालाही ती आधी कळत नाही, मग एकदम कळते.

दुपारी रोटी. 'दालपुरी'त भरडलेल्या डाळीचं सारण भरून पोळी लाटतात, अगदी पुरणपोळीच्या हाताने, फक्त गूळ नाही आणि जिरं आहे. तिच्याबरोबर बटाटा-छोले, भोपळा किंवा 'बोडी', म्हणजे लांब चवळीच्या शेंगांची भाजी. फुलौरी, सहिना, बैंगनी ही भजीकुळातली मंडळी. कोथिंबिरीच्या जागी 'शॅडो बेनी' वापरतात, लांब पानांची आणि जास्त उग्र. बाजारात 'पॉमसिथेर' नावाचं हिरवं फळ दिसलं की उचला. ते आपल्या अंबाड्याच्याच जातकुळीतलं फळ आहे. आईने एक वास घेतला आणि दोन किलो घेतली, खोलीवर मीठ-तिखट लावून आम्ही ती संपवली.

टोबॅगोत भारतीय वंशाची वस्ती थोडी, त्यामुळे तिथे मेनू माशांकडे झुकतो. स्टोअर बे किनाऱ्यावर खेकडा आणि डम्पलिंग ही टोबॅगोची ओळख. आमच्यातले कोकणी त्यावर खूश होते. शाकाहाऱ्यांना डबल्स आणि रोटी तिथेही मिळतात, आणि रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण सहसा शाकाहारी असतं. 'कलालू' मात्र विचारून घ्या. अळूच्या पानांचं हे फदफदं दिसायला आपलं असलं तरी त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं.

समुद्रात काय काय करायचं?

पिजन पॉइंटचा किनारा बघाच. गवताने शाकारलेली ती लाकडी जेट्टी पोस्टकार्डांवर असते तशीच आहे. पण दिवसभर तिथेच बसू नका. उत्तर किनाऱ्यावर कास्तारा आणि इंग्लिशमन्स बेला जा. इंग्लिशमन्स बेच्या मागे रान, पुढे पाणी, मध्ये एक-दोन टपऱ्या, बस्स.

काचेच्या तळाच्या बोटीतून बकू रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, आणि तिथून नायलॉन पूल. भर समुद्रात कमरेइतकं पाणी आणि खाली पांढरी वाळू. ब्रिटनच्या प्रिन्सेस मार्गारेटने ते पाणी नायलॉनसारखं पारदर्शक म्हटलं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. आईला पोहता येत नाही. बोटवाल्याने हात धरून तिला शिडीवरून उतरवलं आणि ती किनारा दूर दिसत असताना समुद्राच्या मधोमध साडीचा पदर खोचून उभी राहिली. असं उभं राहणं मी कधी विसरणार नाही.

एक कळकळीची विनंती: प्रवाळावर पाय देऊ नका. काही बोटवाले प्लॅस्टिकचे बूट देऊन लोकांना रीफवर चालवत. हे प्रवाळ जिवंत आहे आणि गरम होत चाललेल्या पाण्याने आधीच पांढरं पडतंय. कोणी चला म्हटलं तरी नाही म्हणा.

अटलांटिकच्या बाजूला उन्हाळ्याच्या महिन्यांत सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ येऊन कुजतं, वास येतो. खोली घेताना कॅरिबियनच्या बाजूची घ्या. किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाचं झाड असतं, फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं. झाड विषारी आहे. फळ खायचं नाही आणि पावसात त्याखाली उभंही राहायचं नाही, चिकाने अंगावर फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी ओळखून दाखवा.

पोहण्याशिवाय काही आहे का?

मेन रिज आहे. टोबॅगोच्या कण्यावरचं हे रान 13 एप्रिल 1776 ला कायद्याने राखलं गेलं, आणि कायद्यात कारण दिलं होतं पावसाचं: डोंगरमाथ्यावरची झाडं राहिली तर पाऊस येत राहील. मळेवाल्यांना एक-एक एकर ऊस लावायचा असताना त्या काळी कोणीतरी हा विचार केला आणि ब्रिटिश संसदेच्या गळी उतरवायला दशकभर झटलं. पश्चिम गोलार्धातलं कायद्याने राखलेलं हे सर्वांत जुनं वन मानलं जातं. देवराया देवाच्या धाकाने राहिल्या, हे रान पावसाच्या काळजीने राहिलं. मला टोबॅगोत सर्वांत जास्त काय आवडलं असं विचाराल तर हेच.

गिलपिन ट्रेसची वाट सोपी आहे, पण चिखल असतो. गावातले वाटाडे गमबूट भाड्याने देतात. वाटाड्या घ्याच. आमच्याने एका फांदीखाली थांबवून तळहाताएवढा हमिंगबर्ड दाखवला, शेपटी पांढरी. फ्लोरा वादळानंतर हा पक्षी टोबॅगोतून नाहीसा झाला असं धरलं होतं. 1974 मध्ये तो पुन्हा दिसला.

कासवं खरंच दिसतात का?

मार्च ते ऑगस्ट दिसतात. लेदरबॅक, जगातलं सर्वांत मोठं कासव, रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतं. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना ऑलिव्ह रिडले माहीत असतं. लेदरबॅकसमोर ते पिल्लू वाटेल. स्थानिक कासवमित्रांबरोबरच जा, गडद कपडे घाला, टॉर्च आणि फ्लॅश बंद. आम्ही रात्री अकराला वाळूत बसलो होतो. मागच्या पायाने ती इतकी हळुवार वाळू काढत होती, जणू पाय नाही, पळी आहे.

त्रिनिदादच्या तीन दिवसांत काय बघावं?

वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. सिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, समुद्र नसतो, म्हणून त्याने सायकलवरून दगड-माती नेऊन समुद्रात भर घातली आणि तिथे पुन्हा देऊळ उभं केलं. वर्षानुवर्षं, एकट्याने. आजची वास्तू 1995 ची आहे. जवळच कारापिचाइमाला 85 फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर आहे. सातासमुद्रापलीकडे दत्त दिसल्यावर आईने वाडीच्या आठवणीने हात जोडले आणि बराच वेळ ती उठली नाही.

संध्याकाळी कारोनीच्या खाजणात बोटीने जा. लालभडक आयबिस पक्षी थव्याने येऊन खारफुटीवर बसतात आणि हिरवं झाड लाल होतं.

क्रिकेटवाल्यांनी क्वीन्स पार्क ओव्हल चुकवू नये. 1971 च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच. गावसकरांचं पदार्पण, 65 आणि नाबाद 67, आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक. 1976 मध्ये चौथ्या डावात 403 धावांचं लक्ष्य गाठलं तेही इथेच. टॅक्सीवाल्याला 'गावसकर' म्हणून बघा, पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

सुरक्षित आहे का?

टोबॅगो बऱ्यापैकी, त्रिनिदादमध्ये सावध राहायचं. टोळ्यांची हिंसा हा तिथला खरा प्रश्न आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा 2025 च्या जुलैत आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याआधी ताजी परिस्थिती आणि भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा. अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या जुन्या भागात पायी फिरू नका, लॅव्हेंटिल वस्तीकडे जाऊ नका, टॅक्सी हॉटेलमधूनच बोलवा. निर्जन किनाऱ्यावर संध्याकाळनंतर थांबू नका, टोबॅगोतही नाही. त्रिनिदादच्या माराकास किनाऱ्यावर पोहताना जीवरक्षकांच्या झेंड्यांकडे लक्ष द्या, ओढ जबरदस्त असते.

पैसे, वीज, कपडे?

एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर मिळतात. हॉटेलात कार्ड चालतं, गाड्यांवर रोख. वीज 115 व्होल्ट आणि पिना अमेरिकन पद्धतीच्या. भारतातला फोनचा चार्जर ॲडॉप्टर लावून चालतो, केस वाळवायचं यंत्र चालत नाही. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे आणि लहान मुलांच्या टोपी-पँटलाही सूट नाही.

तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांशी हिंदीत बोलावं का?

नको. सहा-सात पिढ्या गेल्या. त्यांची भाषा इंग्रजी, तीही खास त्यांच्या लयीची. भजनं हिंदीत म्हणतात, पण घरात बोलत नाहीत. 'तुम्ही मूळचे कुठले' हेही पहिल्याच भेटीत विचारू नका, ते मूळचे त्रिनिदादचेच आहेत. मात्र नाती राहिली आहेत. डबल्सच्या गाडीवरची मुलगी मागे बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवून म्हणाली, ही रेसिपी माझ्या आजीची. इंग्रजी वाक्यात स्वच्छ 'आजी'. बापाच्या आईला तिथे आजी आणि बापाच्या बापाला आजा म्हणतात. माझी आई तिच्याकडे बघतच राहिली. मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, "मी पण आजी." दोघी म्हाताऱ्या हात धरून बसल्या, एकीला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसरीला मराठी. आमचे डबल्स गार झाले.

येताना काय आणावं?

तिथल्या कोकोचं चॉकलेट आणि 'कुचेला', म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. बरणी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात ती काढून घेतात. ताजी फळं आणि बिया आणू नका. अंबाडे तिथेच संपवा.